कोकराच्या पाठीवरचं कातडं

१

बनुबाई आमच्या सोप्यात येऊन मटकन बसली, तेव्हा मी सासऱ्यांच्या हातात चहाचा कप देत होते. तिच्या हातात दुधाची बाटली होती. बाटलीतलं शेळीचं दूध तसंच होतं आणि तोंडाला बांधलेली चिंधी कोरडी होती.

"पाटील, माझा बाळ्या गेला," ती म्हणाली. "रातीत कुणीतरी उचलला."

बाळ्या म्हणजे तिचं काळं कोकरू. मेंढी विताना मेली आणि हे मागे राहिलं. बनुबाई विधवा, मूलबाळ नाही. आमच्या गुऱ्हाळाच्या मागे तिचं छप्पर. पंधरा दिवस तिनं ते पिल्लू चिंधीनं दूध पाजून वाढवलं होतं. वाढवलं म्हणायचं एवढंच. खुरटलेलं होतं, ओंजळीतून जरा बाहेर यायचं इतकंच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन सुग्या झाल्या होत्या. मी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली नवी सून. हे पलटणीत होते. आमचं गाव कडेगावच्या अलीकडे. नाव सांगत नाही, त्या घरांतली माणसं अजून नांदताहेत. माझे सासरे नानासो गावचे पोलीस पाटील होते. माणूस प्रेमळ, पण एकदा मनानं घेतलं की घेतलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला तोच माझे दीर लालासाहेब धावत आत आले.

"आबा, सापडलं! मळ्यात धनगराच्या वाघरात हाय. आन् पुढं ऐका. ओळखू यिऊ नये म्हणून त्याच्या अंगावर पांढरं कातडं चढवलंय!"

२

दरसाल दिवाळीनंतर पूर्वेच्या माळावरून कोंडीबा धनगर मेंढरं घेऊन आमच्याकडे यायचा. रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं आणि त्यांना धान्य. जाळीचं कुंपण घालून मेंढरं कोंडायची, त्याला वाघूर म्हणत. त्या दिवशी कोंडीबा लोकर घेऊन विट्याच्या बाजाराला गेला होता. त्याचा मुलगा दुसरा कळप घेऊन जतकडे होता. वाघरापाशी सून हरणाबाई एकटीच होती.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव तिथं जमलं होतं. हरणाबाईच्या मांडीवर ते कोकरू होतं. तोंड काळं, पाय काळे आणि पाठीवर दुसऱ्याच कोकराचं पांढरं कातडं, पोटाखालून सुतळीनं बांधलेलं.

"ही काय भानगड हाय?" नानासोंनी विचारलं.

"आवं पाटील, ह्याची माय मेली बगा," हरणाबाई म्हणाली. "आन् त्या तिकडच्या मेंढीचं पांढरं कोकरू मेलं. मग मेलेल्याचं कातडं जित्याला घालायचं. मेंढी वास घेती, आपलंच म्हणती आन् पाजती. आमच्यात समदीच करत्यात."

लोक हसले. लालासाहेब तर पोट धरून हसले.

"लय शानी हायेस! आजवर आमच्या डोळ्यांत धूळ टाकत व्हता, आता मेंढीच्या नाकातबी टाका!"

बनुबाईला मोतीबिंदू झालेला. तिनं चाचपत कोकराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्योच गं माझा बाळ्या."

झालं. नानासोंनी तिथंच निकाल दिला. मेंढरं दिवस मावळायच्या आत गावाबाहेर जायची. विट्यापर्यंतच्या गावांना सांगून ठेवायचं, ह्यांना रानात बसवू नका. आणि कोंडीबाला एसटीच्या ड्रायव्हरकडून सांगावा, की तुझी सून चोर निघाली, येऊन घेऊन जा.

रानाचं ऐकून हरणाबाई बसूनच होती. सांगाव्याचं ऐकल्यावर मात्र ती उठून उभी राहिली.

"पाटील, पाया पडते. मामंजींस्नी सांगू नगा. आमच्यात चोर ठरलेल्या बाईला घरात घेत न्हाईत, माहेरी धाडत्यात. माझं लेकरू आखाडात गेलं. आता घरबी जाईल."

नानासोंनी मान वळवली. सडकेवर एसटीचा भोंगा वाजला आणि गडी सांगावा घेऊन पळाला.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला, "नाना, ते कातडं वर करून बघितलंस का रं?"

३

मनुबाई आत्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. गुऱ्हाळ सुरू झालं की पाटणहून यायच्या, महिनाभर राहायच्या आणि गुळाच्या ढेपा घेऊन परत जायच्या. बुटक्या, काटक, कपाळावर हिरवं गोंदण.

"आक्का, तू ह्यात पडू नगंस. पाटील मी हाय."

"हायेस की. पर पाटील व्हायच्या आधी तुझा शेंबूड मीच पुसलाय."

हसू दाबायला मी पदर तोंडाला लावला.

आत्याबाई अशा का होत्या, हे मला घरात येताच कळलं होतं. त्यांचे यजमान मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाकडे गेले. पलटणीतल्या कुणीतरी सुट्टीवर येऊन सांगितलं, की तुमचा माणूस पडला. पडताना त्यानं पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. सासरच्यांनी त्या दिवशीच आत्याबाईंच्या बांगड्या फोडल्या. पुढं लढाई संपली आणि यजमान कैदेतून सुटून, हाडाचा सापळा होऊन, दारात उभे राहिले. बांगड्या पुन्हा भरल्या. पण आत्याबाई म्हणायच्या, "ती दोन वरसं मला कुणी परत दिली न्हाईत. सांगणाऱ्यानंबी न्हाई आन् मानणाऱ्यानंबी."

तर आत्याबाई हरणाबाईसमोर फतकल मारून बसल्या. कोकरू उताणं घेतलं. कातड्याला पुढं-मागं भोकं पाडून त्यातून पाय बाहेर काढले होते, झबल्यातून बाळाचे हात काढावेत तसे.

"नाना, ये हिकडं. वेश बदलायचा आसता तर तोंड झाकलं नसतं का? तोंड काळंच्या काळं उघडं ठेवलंय आन् झाकलंय काय, तर पाठ आन् शेपूट. मेंढी पिल्लाला कुठं हुंगती?"

नानासो दोन पावलं पुढं आले, वाकले मात्र नाहीत.

"आता ही बघ." पोटाच्या मधोमध सुतळीएवढी काळी, वाळकी नाळ लोंबत होती. "बनूचं कोकरू पंधरवड्याचं. पंधरवड्याच्या जित्राबाला नाळ ऱ्हाती व्हय? ह्याला जन्मून दोन-तीन दीस झाल्यात. हे बनूचं न्हाई."

गर्दीतल्या बाया पुढं वाकल्या आणि माना हलवू लागल्या. नाळ कळायला बायांना पाटील लागत नाही.

मला वाटलं, संपलं. हरणाबाई सुटली.

पण लालासाहेब म्हणाले, "मग बनुबाईचं कुठाय? हे न्हवं तर न्हवं. ते ह्यांनी खाल्लं आसंल!"

आणि काय सांगू, अर्ध्या माना आता त्यांच्या बाजूनं हलायला लागल्या.

४

"बघितलंस?" परत येताना आत्याबाई मला म्हणाल्या. "मघा जितं लपवलं म्हणत हुती. आता मारून खाल्लं म्हणत्यात. कोकरू बदललं, निकाल तोच. मानायचं आधी ठरलंय पोरी, पुरावा मागनं यिल तसा यिल."

नानासोंनी निकाल मागे घेतला नाही. आत्याबाईंना मात्र म्हणाले, "दीस मावळंपतुर तुला मुभा. कोकरू दाव, न्हाईतर मेंढरं हालतील."

लालासाहेब फटफटी काढून सांगलीला गेले. गुऱ्हाळाच्या इंजिनाचा पट्टा आदल्या दिवशी दुपारी तुटला होता. चरक थांबलेला, रस उकळायच्या काहिलीखालचं चुलवाण विझलेलं. ऊस तुटून पडला होता आणि वाळत होता. घरात सगळ्यांचीच टाळकी तापलेली होती.

पाणवठ्यावर मला एक गोष्ट कळली. चुलवाणात जाळ घालणारा आमचा गुंडा पहाटे ओढ्यावर रक्ताचं धोतर धूत होता. गुंडाला मटणाची किती आवड, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी धावत येऊन आत्याबाईंना सांगितलं.

गुंडा गुऱ्हाळाच्या सावलीला बिडी ओढत पडला होता. आत्याबाईंना पाहून त्यानं बिडी मागे लपवली.

"गुंडा, धोतराला रक्त कशाचं रं?"

"माझंच की मावशी. पट्टा तुटला न्हवं का, त्यो सणकन हातावर बसला."

"सोड बघू ती पट्टी."

"आवं, सांगतोय न्हवं! माझ्यावर इश्वास न्हाई?"

"हाय. म्हणून तर बघते. उद्या कुणी तुला चोर म्हणलं तर मला सांगता यिल, की मी डोळ्यांनी बघितलंय."

त्यानं पट्टी सोडली. तळहातावर पट्ट्याच्या रुंदीची जखम होती, अजून ओलसर. आत्याबाईंनी मला हळद आणायला पिटाळलं आणि स्वतःच्या हातानं पट्टी पुन्हा बांधली. बांधता बांधता गुंडाला म्हणाल्या, "बिडी ओढ आता, मी न्हाई बघत."

वाटेत मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, मला तर वाटतं, हे लालासाहेब भावजींनीच केलं. मेंढरांनी त्यांचा कोवळा ऊस खाल्ला तेव्हापासून त्यांचा धनगरांवर राग आहे. त्यांना घालवायला कोकरू त्यांनीच गायब केलं असेल."

"तू बघितलंस?"

"नाही, पण राग तर आहे ना."

"राग मलाबी लय जणांचा हाय. म्हणून मी त्यांची कोकरं चोरत फिरत न्हाई." त्या थांबल्या. माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "हरणाबाई गरीब हाय म्हणून ती चोर न्हवं, आन् लाला वाकडा हाय म्हणून त्यो चोर, आसं नसतं बाळा. नानानं केलं तेच तू दुसऱ्या बाजूनं करायलीस."

मी मान खाली घातली. ऊन कलायला लागलं होतं. विट्याला सांगावा एव्हाना पोचला असणार.

"आता कुठं जायचं?" मी विचारलं.

"जिथनं कोकरू गेलं तिथं. सकाळपासनं समदी धनगराच्या वाघरात शिरली. बनूच्या छपरात कोण गेलं?"

५

बनुबाई वाकळेत मुटकुळं करून पडली होती. आत्याबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि चट्कन काढला.

"आगं, भाजतंय की! कवापासनं?"

"कालपासनं हीव भरलंय. तुमास्नी सांगून काय करू, समदीच कामात."

"चा तरी घेतलास का?" आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे वळले. चूल थंडगार होती. राख अशी गार, की बोट घातलं तर पाण्यात घातल्यासारखं वाटलं.

"आत्याबाई, चूल कालपासून पेटलेलीच नाही."

"कोण पेटवणार? बनू पडून." त्या एवढं म्हणाल्या आणि वाकळेचा कोपरा उचलून उजेडात धरला. राखेचे डाग होते. लहान लहान, खुरांचे. "बनू, ह्यो राखाडा कशाचा?"

तापातही बनुबाईचं तोंड फुललं. "बाळ्याचा की! लय द्वाड. मायची ऊब न्हाई न्हवं त्याला. रोज रातीला मी जाळ इझवला की जाऊन चुलीतल्या उबाऱ्या राखंत बसतंय. मग पहाटं राख गार पडली की माझ्या वाकळंत. मी म्हणते, आरं गोसावड्या, अंगारा लावून आलास व्हय?"

"आन् परवा रातीपतुर चुलीत ऊब हुती."

"हुती."

"काल न्हवती."

"न्हवती." बनुबाई उठून बसली. "म्हंजी ते गार पडलं आसंल गं, माझं लेकरू!"

आत्याबाई दाराशी गेल्या. दार म्हणजे तुराट्यांचं झडप, खाली वीतभर फट. फटीतल्या तुराटीला काळ्या लोकरीचा पुंजका अडकला होता. त्यांनी तो चिमटीत धरून मला दाखवला.

"चोर आला आसता तर झडप उघडून आला आसता. हे खालनं, आपल्या पायानं गेलंय. आता तू सांग. तू कोकरू हायेस. माय न्हाई, चूल गार, भाईर थंडी. तुला राखंची ऊब ठावं हाय, दुसरं काय ठावं न्हाई. तू कुठं जाशील?"

मी बाहेर पाहिलं. समोर आमच्या गुऱ्हाळाची भिंत होती. आदल्या दुपारी विझलेलं, पण दोन दोन दिवस ऊब धरून ठेवणारं, जमिनीत पुरुषभर खोल खणलेलं चुलवाण.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत सडकेवरून फटफटीचा आवाज आला. लालासाहेब पट्टा घेऊन आले होते. गुऱ्हाळात आरडाओरडा झाला. चरक सुरू करण्याआधी काहिलीत पाणी तापवून ती खंगाळून घ्यायची, हा रोजचा रिवाज.

भिंतीपलीकडून लालासाहेबांची हाक ऐकू आली. "गुंडा, घाल रं जाळ!"

६

नव्या सुनेनं गावात धावायचं नसतं. मी धावले. पदर कुठं, मी कुठं. मागून आत्याबाईंचा आवाज येत होता, "थांबा रं, थांबा!" पट्टा बसतो का बघायला चालू केलेल्या इंजिनाच्या धडधडीत तो कुणालाच ऐकू जात नव्हता.

गुंडा चुलवाणाच्या तोंडाशी बसला होता. हातातलं चिपाड पेटलेलं.

"जाळ घालू नका!" मी ओरडले आणि त्याचं मनगट धरलं. सगळं गुऱ्हाळ थबकलं. पाटलाच्या सुनेनं गड्याचा हात धरलेला! लालासाहेबांनी इंजिन बंद केलं. "वहिनी, याड लागलं का?"

धापा टाकत आत्याबाई आल्या, त्यांच्या मागून भिंत धरत बनुबाई. आत्याबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. बनुबाई चुलवाणाच्या तोंडाशी ओणवी झाली आणि घरातल्या घरात हाक मारावी तशी म्हणाली, "बाळ्या. ये बाळा."

काही नाही.

"बाळ्या."

आतून, जमिनीच्या पोटातून आल्यासारखं, एक बारीक, चिरकं बें ऐकू आलं.

गुंडानं चिपाड मातीत खुपसलं आणि पोटावर सरपटत आत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात राखेचा गोळा होता आणि गोळ्याला दोन डोळे होते. काळं कोकरू पांढुरकं झालेलं. गुडघ्याचे केस करपले होते. उतारावरून घसरून आत गेलं होतं, वर चढता आलं नव्हतं. बनुबाईनं सोबत आणलेल्या बाटलीची चिंधी तोंडाला लावताच ते असं चोखायला लागलं, की बाटलीच गिळतंय की काय.

गुंडानं विझलेल्या चिपाडावर आणखी माती लोटली. "माझ्या हातनं..." एवढंच म्हणाला.

नानासोंना बोलावणं गेलं. त्यांनी कोकरू पाहिलं, चुलवाण पाहिलं.

"आक्का, मी खोटं न्हाई केलं गं," ते म्हणाले. "मला मनापासनं तसंच वाटलं."

"वाटलं आसंल. पर वाकून बघायला तुला किती येळ लागला आसता? तुझ्या वाटण्यावर त्या पोरीचं घर टांगलेलं हुतं." आत्याबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आन् एक ध्यानात ठेव नाना. आज कोकरू घावलं. न्हाई घावलं आसतं, तरी तू चुकलेलाच हुतास. आन् ती खरंच चोर निघाली आसती ना, तरीबी तू न बघताच बोललेला हुतास."

नानासोंनी बनुबाईच्या हातातल्या कोकराच्या डोक्यावरची राख झटकली. मग म्हणाले, "चला वाघरावर." लालासाहेब मागे रेंगाळत होते. त्यांना म्हणाले, "तूबी."

हरणाबाईनं वाघूर सोडायला घेतलं होतं. खुंट्या निम्म्या उपटलेल्या. नानासोंनी सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "पोरी, चूक झाली. मेंढरं हलवू नगंस." मग स्वतः वाकून दगडानं एक खुंटी पुन्हा ठोकायला लागले. लालासाहेबांनी दुसरी उचलली. हरणाबाईचं लक्ष विट्याच्या सडकेकडे होतं. खुंट्या परत ठोकता येतात, गेलेला सांगावा परत येत नाही.

बाजूला ती मेंढी कातड्यातल्या कोकराचं शेपूट हुंगून त्याला पाजत होती. मी आत्याबाईंना म्हणाले, "पण बघा ना, मेंढीलाही फसवलंच की आपण. ती पण खोट्यावरच विश्वास ठेवते."

"आगं, तिनं नाक लावून बघितलं तरी," आत्याबाई म्हणाल्या. "नानानं तेवढंबी केलं न्हाई."

दिवस कलला तसा सडकेवर कोंडीबा दिसला. एसटीनं नव्हे, चालत. पटका धुळीनं भरलेला, काठी टेकत. हरणाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि वाघराच्या कडेला जाऊन उभी राहिली. नानासो लगबगीनं पुढं झाले.

"कोंडीबा, त्यो सांगावा..."

कोंडीबानं हात वर केला. "पाटील, जरा थांबा. आधी तिच्याकडनं ऐकतो."

तो सुनेपुढं जाऊन उभा राहिला. दोघांनाही दम लागला होता, त्याला चालण्याचा आणि तिला उभं राहण्याचा.

"मामंजी," ती खाली बघून म्हणाली, "सांगावा मिळाला?"

"मिळाला. सून चोर निघाली म्हणं. बाजारातली माणसं म्हणाली, येष्टी यिल, बस जरा. म्हणलं, बसून काय करू? सात वरसं तिनं माझ्या हाताखाली मेंढरं राखली. तिला इचारल्याबिगर मी मानू कसं?" त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "चोरलंस का?"

"न्हाई."

"बरं," कोंडीबा म्हणाला.

नानासो हातातल्या दगडाकडे बघत होते. आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. पुढं चार दिवस तिथं वळ होता.

हरणाबाईनं नाक ओढलं. पदरानं तोंड पुसलं, मग जरा रागानंच विचारलं, "भाकरी खाल्लीसा का?"

"कुठली?"

"मग बसा की. उभं किती ऱ्हाताय?"

ती तीन दगडांच्या चुलीपुढं बसली आणि पिठात पाणी घालून मळायला लागली. मळता मळता तिचे हात एकदा थांबले, मग पुन्हा चालू झाले. कोंडीबानं पायताणं काढली आणि तिथंच, चुलीसमोर, तिची पहिली भाकरी तव्यावर पडायची वाट बघत टेकला.